दाजींनी रंगवलेल्या कॉट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला घरीच होतो. सकाळचा चहा व्हायचा होता. "मामा, बाबा गेले," एवढंच वर्षा म्हणाली, आणि जरा थांबून, "मंडळाच्याच कॉटवर गेले." दुःखाच्या आधी माझ्या मनात जे आलं ते लिहायला संकोच वाटतो. मला वाटलं, आता मंडळाच्या कॉटमधली एक मला कायमची ओळखता येणार... आता दीड महिना होऊन गेला, पण तो विचार गेलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलअक्काचे यजमान, मुरलीधर. पारोळ्याला बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक त्यांच्याकडे घेऊन येत आणि दाजी सांगत, "संध्याकाळी घेऊन जा, आबा." ही संध्याकाळ आजची नाही हे आबालाही कळत असे, मलाही. मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तक परत करण्याची तारीख म्हणजे तारीख, या शिस्तीत माझं आयुष्य गेलं. दाजी सहज खोटं बोलतात असं माझं पहिल्यापासूनचं मत होतं, आणि मी ते कधी बोलून दाखवलं नसलं तरी त्यांना ते ठाऊक असावं.

सहा-सात वर्षांपूर्वी अक्काला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की हँडल फिरवून डोक्याची बाजू वर करता येते तसली कॉट घ्या, वर हवेची गादी घाला, नाहीतर पाठीला जखमा होतील. आम्ही धुळ्यात विचारलं, जळगावला विचारलं. भाड्याने देणाऱ्यांकडच्या सगळ्या कॉट बाहेर गेलेल्या होत्या. आणि मग दाजींना त्यांच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, एका पडवीत तशी कॉट दिसली. त्या घरचे म्हातारे नाना वर्षभर तिच्यावर होते आणि तिच्यावरच गेले होते. ज्या खाटेवर माणूस गेला ती आमच्याकडे पुन्हा कोणी वापरत नाही. टाकवतही नाही, म्हणून ती अशी पडवीत उभी राहते. दाजींनी ती धुतली, तिच्यावर नवी गादी घातली आणि अक्काच्या खोलीत आणून ठेवली.

अक्काने त्यांना काही विचारलं नाही. तिने मला विचारलं. "अशोक, तू तरी खरं सांगशी. या खाटवर कोनी मरेल शे का?"

दाजी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेही मी पाहिलं. "हो अक्का," मी म्हणालो, "गल्लीतले नाना."

अक्काने त्या कॉटला पाठ लावू दिली नाही. दुसरी मिळेपर्यंत एकवीस दिवस ती जुन्या लाकडी पलंगावर पडून राहिली. तेवढ्यात पाठीला जखम झाली ती भरलीच नाही. दोन महिन्यांत अक्का गेली. दाजी मला त्याबद्दल एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय याचे तर्क करायची मला वाईट सवय आहे, आणि ती त्या दिवसापासून वाढली.

अक्काच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या कार्यक्रमाला, सगळे जमले होते तेव्हा दाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कोणाच्या पडवीत, माळ्यावर कॉट, वॉकर, चाकाची खुर्ची पडलेली असेल तर माझ्या दुकानात आणून टाका. ज्याला लागेल तो घेऊन जाईल." महिनाभरात दुकानाचा मागचा अर्धा भाग भरला. दोन शिक्षक, एक कंपाउंडर आणि दाजी असं मंडळ झालं. नाव ठेवलं 'शेजार'. गावाने लगेच ओळखलं की मुरलीधर नगरपालिकेला उभा राहणार. एकाने दुकानात येऊन विचारलंच, "मुरलीभाऊ, निशाणी काय घेणार, खाट का खुर्ची?"

"खुर्चीच घेईन," दाजी वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "खाट तुला ठेवतो."

ते कधीच उभे राहिले नाहीत. पण माझा संशय निराळा होता. मंडळाला अक्काचं नाव का दिलं नाही? 'शेजार' का? तीन घरं सोडून असलेली ती कॉट मला रोज आठवावी म्हणून? मी मंडळात गेलो तो सेवेसाठी गेलो असं लोक समजतात. मी लक्ष ठेवायला गेलो होतो. दर रविवारी धुळ्याहून बसने जायचो. पुस्तकाला लावतात तसं एकेक कार्ड मी प्रत्येक वस्तूला चिकटवलं: कोणी नेली, केव्हा नेली, केव्हा परत आली, परतीचं कारण. शेवटच्या रकान्यावर दाजींनी बोट ठेवलं.

"इथे काय लिहायचं? बरे झाले का वारले?"

"नोंद असावी, दाजी."

 पुढच्या रविवारी गेलो तर एकाही कॉटला कार्ड नव्हतं आणि सगळ्या आकाशी ऑइलपेंटने रंगवलेल्या होत्या. तेव्हापासून परत आलेली प्रत्येक कॉट त्याच रंगात रंगायची आणि बाकीच्यांत मिसळून जायची. काहीतरी लपवलं जातंय अशी माझी खात्री झाली.

एकदा जामनेरकडच्या एका खेड्यात त्यांच्याबरोबर टेम्पोतून गेलो. कॉट उतरवताच घरातल्या बाईने तोच प्रश्न विचारला. "नाही, अक्का. कोणीच नाही," दाजींनी सांगितलं. परत येताना मी विचारलं, "दाजी, धडधडीत खोटं का बोलता? कोणत्या कॉटवर कोण गेलं हे तुम्हाला माहीत असतं."

"नसतं. म्हणून तर रंगवतो. सुकली की मलाही ओळखू येत नाही." मग समोरच्या रस्त्याकडे पाहत, "आणि खरं बोलायला तुम्ही आहातच की."

हा टोमणा होता की विश्वास, हे मला तेव्हा कळलं नाही. ते वाक्य मी कितीतरी वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे. दाजी हयात असताना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर खरं असेल याचा भरवसा नव्हता... आणि खरं असलं तर ते ऐकायची तयारीही नव्हती.

गेल्या आठवड्यात वर्षाने फोन केला. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या म्हातारीचं कंबरेचं हाड मोडलं होतं, दवाखान्यातून त्याच दिवशी सोडणार होते. बाकीच्या सगळ्या कॉट बाहेर होत्या. उरलेली एक. तिला नवा रंग अजून लागला नव्हता, आणि लावला तरी सुकायला दोन दिवस जाणार. मी पारोळ्याला पोचलो तेव्हा पायथ्याकडच्या दांड्यावरचा आकाशी रंग एके ठिकाणी गुळगुळीत होऊन उडालेला दिसला. शेवटी शेवटी दाजी तिथे टाच घासत असत, असं वर्षा म्हणाली.

कॉट टेम्पोतून त्या खेड्यात नेऊन घरात मांडली, आणि म्हातारीला तिच्या दोघा मुलांनी चादरीत उचलून आणलं. तिने कॉटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, या खाटवर कोनी मरेल शे का?"

मुलं माझ्याकडे पाहत होती. माझे कान तापले. "नाही, आजी," मी म्हणालो. "कोणी नाही."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुले खोटं बोलता येत नही, भाऊ." मुलांना तिने मानेनेच खूण केली, त्यांनी तिला अलगद कॉटवर ठेवलं. कण्हणं थांबल्यावर तिने डोळे मिटले. "राहू दे. जरा वर कर मले."

मी खाली बसून हँडल फिरवू लागलो.