आखाजीच्या उंबरठ्यावरचं एक बोट

आज आखाजीची कर, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, त्याबद्दल आधी माफी. वडील गेल्यापासून लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य खोटं वाटायचं... म्हणून गप्प होतो.

काल मात्र घरात एक प्रसंग घडला. तो जसाच्या तसा लिहिता येईल असं वाटतंय.

आम्ही मूळचे खान्देशातले, आता सुरतेत भेस्तानला राहतो. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. घरचा कर्ता पुरुष उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतो आणि प्रत्येक बोटाला एका पूर्वजाचं नाव घेऊन त्याला जेवायला बोलावतो. यंदा पहिल्यांदाच हे काम माझ्याकडे आलं.

वडील, आजोबा-आजी, पणजोबा-पणजी... त्यांच्या मागे खापरपणजोबा सखाराम. हे आमच्या घरातलं मोठं नाव. राणीच्या राज्यात पलटणीत शिपाई होते, नगरच्या छावणीत. नातेवाइकांत आम्हाला अजून 'पलटणवाले' म्हणतात.

सखारामनंतर वडील एक बोट न बोलता उमटवायचे. मला वाटायचं, ते विसरलेल्या सगळ्यांसाठी असावं. काल मीही तसंच करणार होतो, इतक्यात माझी लेक चिऊ म्हणाली, "पप्पा, आणि त्यांच्या वाइफचं नाव?"

माझं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लक्ष्मी म्हणा आणि उरका. रस गरम होतोय, मांडे गार होताहेत." तिचंही बरोबर होतं. कोण तपासायला येणार होतं? पण ज्या बाईला जेवायला बोलवायचं, तिला दुसरीच्याच नावाने हाक मारायची... मला ते जमेना.

चिऊने सरळ नवागामला आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडली आहे, सुरतेत सगळी हयात गेली, पण बोलते अजून अहिराणीच.

"नाव? नाव माले नई माहित, भाऊ," आत्या म्हणाली. "मन्ही आजी तिन्ही सून. सासूनं नाव कशी ली ती? आत्याबाई म्हने. आन् नवरा तरी बायकोनं नाव कवय ले?"

म्हणजे सून नाव घेत नव्हती, नवरा घेत नव्हता. सगळ्यांनी इतका मान ठेवला की नावच उरलं नाही... चिऊ हळूच म्हणाली, "मग त्या गेल्याच ना?"

आत्याने ते ऐकलं. "कशी जाई? तुन्हा बापना शाळाना शर्टवर कोन व्हतं मंग?"

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग एकदम आठवलं. लहानपणी नवागामच्या चाळीत सगळ्यांचे कपडे एकाच तारेवर वाळायचे. माझ्या युनिफॉर्मच्या कॉलरच्या आत आत्या बिब्ब्याने खूण करायची... एक आडवी रेघ, तिच्यावर तीन टिंबं. वर्गातली गुजराती पोरं शर्टाला डास चावले का म्हणून हसायची, "अल्या, तारा शर्टने मच्छर करड्यां के?"

आत्याने मग सांगितलं ते असं. ती बाई छावणीतली परटीण. आईबरोबर घाटावर शिपायांचे सदरे धुवायची. सदऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाची बिब्ब्याची खूण वेगळी. सखारामची रेघ आणि दोन टिंबं.

तो स्वतः परटाचाच पोर. "धुवाना कटाळा करीसन पलटनमा पयना," आत्या खुदकन हसली, "आन् धुनारीनाच पदरमा पडना!"

एक दिवस त्याच्या सदऱ्यावर तीन टिंबं आली. दुसऱ्याचा सदरा दिला म्हणून तो भांडायला घाटावर गेला. सदरा उसवलेल्या खिशासकट त्याचाच होता. तिने मान वर न करता सांगितलं, "तिसरं टिंब मन्हं शे."

चिऊने तोंडावर हात ठेवला. बायको पदराला हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली.

ही गोष्ट खरीच घडली का? मला माहीत नाही. आत्याने तिच्या आजीकडून ऐकली, त्या आजीने थोडं मीठ लावलंही असेल. माझे वडील सुरतेत आले तेव्हा 'परीट' हा शब्द गावाकडेच ठेवून आले, त्यामुळे त्यांनी कधी काही सांगितलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

पण मी बमरोलीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापडाचा रंग पक्का आहे की नाही, हे तपासायची नोकरी करतो. बिब्ब्याच्या डागावर चुना लावला की तो साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही, भट्टीतही जात नाही... एवढं मात्र खात्रीने सांगू शकतो.

मी उंबरठ्यावर कुंकवाची रेघ ओढली. दोन टिंबं दिली. तिसरं टिंब चिऊने दिलं, मी तिला थांबवलं नाही. घरात मुलीने हे करायची रीत नाही. फोनवरून आत्याने विचारलं, "व्हयनं का?" मी म्हटलं, "व्हयनं." मग घागरीतलं पाणी वाहिलं.

वडील ते एक बोट न बोलता का उमटवायचे, हे कळायला मला त्यांच्या जागी बसावं लागलं. त्यांना नाव माहीत नव्हतं, आणि त्यांनीही खोटं नाव घेतलं नाही. काल रस गरमच प्यायलो आम्ही, पण पानावर कोणीतरी बाई समाधानाने जेवून गेली असं वाटलं.

चिऊ जूनमध्ये हॉस्टेलला जाईल. तिथेही सगळ्यांचे कपडे एकाच तारेवर असणार.

उद्या : बिब्बे आणायचे.