सक्रीबाईचा दंड

बाई कसली, भिंगरी होती! लमाणाची सक्री. एका जागी बसून तिनं भाकर खाल्लेली म्या तरी पाहिली न्हाय. उभा जन्म तांड्याच्या बैलांमागं गेलेला, नवराबी वाटंवरच गेलेला. पाय ठरायचे कसे?

निजामाचं राज्य बुडालं, पुढं आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच सुमाराला भूदानवाली मंडळी नळदुर्गाकडं आली. आमच्या गावच्या सिद्रामप्पा मालकांनी आपला माळ तांड्याला देऊन टाकला. माळ म्हंजे काय, नांगर घातला की ठिणग्या! अन् वर अट होती, तांड्यानं तिथंच राहून तीन वर्षांत पीक उभं केलं न्हाय तर जमीन माघारी. आमचं रान त्या माळाला लागून, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षं तांडा सडकंवर खडी फोडायला जायचा अन् माळ तसाच पडून.

तिसऱ्या उन्हाळ्यात पटकी आली. तांड्यातली माणसं पटापटा गेली, सक्रीचा धाकटा हिरा गेला. त्याला माळावरच पुरला. तांड्याची जुनी रीत, मरी घुसली की जागा सोडायची. तांड्याचे म्होरके धनसिंग नाईक म्हणाले, "उठा, बैल लादा." नाईकाचा शब्द मोडायची कुणाची छाती न्हाय. सगळे उठले, सक्री तेवढी उठली न्हाय.

"ह्याच्या आधीची लेकरं म्या वाटंवर पुरली, नाईक," ती म्हणाली. "कुठल्या गावाला ते इचारा. मला सांगता यायचं न्हाय. ह्याला सोडून न्हाय जायची. अन् आपुन गेलो तर पेरणार कोण? जमीन जाईल. दुसऱ्याचा नांगर फिरंल माझ्या हिरावर."

"दंड पडंल, सक्रे."

"पडू द्या."

तांडा गेला. म्या तिला लई बोलले. "येडी का खुळी गं तू? एकटी बाई माळावर, लांडगं खातील!" ऐकंल तर शपथ. आमच्या घरधन्यानं मला न इचारता तिला बैलजोडी दिली, तवा माझा जळफळाट झाला. पण बियाणं म्याच दिलं, बाजरी अन् हुलगं.

पेरलं खरं, पण बाईला चैन न्हाय. चार रोज झाले की आपलं कापडाचं पाल उचलायची, माळाच्या दुसऱ्या टोकाला ठोकायची. तिथं नवी चूल. मग पुन्हा उचल. म्हणायची, "आक्का, पायांना आग लागती. हितं डोळा लागंना, अन् जावं तर जीव निघंना." मला राग यायचा, अन् घरी आले की रडू यायचं.

भादव्यात तलाठी पाहणीला आला. कमरंएवढी बाजरी, अन् जिकडं बघावं तिकडं चुली. "वस्ती बरीच दिसते," म्हणाला. "माणसं कुठं आहेत?"

म्याच पुढं झाले. "कामाला गेलीत जी."

खोटं बोलले. बोलले तर बोलले! जमीन तांड्याकडं राहिली.

बाजरी निघाली, अन् दसऱ्यानंतर तांडा परत आला. पटकीच्या भ्यानं जाईल तिथनं गावकऱ्यांनी हुसकलेला, लेकरांच्या बरगड्या मोजून घ्याव्या. अन् आल्या आल्या केलं काय, तर पंचायत बसवली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अरं, तिनं तुमची जमीन राखली, अन् दंड तिलाच?" रीत सोडली तर तांडा एकत्र राहायचा कसा, हे नाईकांचं दुखणं. त्यांनी मान खाली घालून दंड सांगितला, सगळ्या तांड्याला जेवण.

सक्री जात्यावर बसली. बाजरीच्या भाकरी थापल्या, हुलग्याचं पातळ माडगं शिजवलं. आधी लेकरं तुटून पडली. नाईकांनी भाकरीचा तुकडा मोडला अन् हातातच धरला.

"दाणं कुणाकडनं आणलं?" त्यांनी इचारलं.

"कुणाकडनं न्हाय," सक्री म्हणाली. "हितलंच हाईत. आपल्या माळाचं."

नाईकांनी तो तुकडा कपाळाला लावला. मग तो तोंडात घातला, डोळं पुसलं, अन् ताट पुढं सारलं.

"वाढ, सक्रे," म्हणाले. "आणखी वाढ."