नागरिकशास्त्राची पेटी घेऊन खानदेशात

आमच्या कामात किस्से शोधत फिरावं लागत नाही. शाळा करून जळगावच्या ऑफिसात परत आलं की डोकं ठणकत असतं आणि कोणीतरी विचारतंच, ‘आज काय झालं?’ सांगता सांगता निम्मा राग उतरतो. उरलेला पुढच्या शाळेपर्यंत पुरतो.

आमची संस्था हायस्कूलच्या वर्गांना नागरिकशास्त्राची पेटी देते. आत खेळायची कार्डं, तक्ते, छोटी मतपेटी, चर्चेचे विषय. लोकशाही नुसती पाठ न करता मुलांनी ती करून बघावी, एवढाच हेतू. मी आणि माझा सहकारी नितीन ती शाळेत पोचवतो आणि शिक्षकांना वापरायला शिकवतो. म्हणजे, आम्हाला तसं वाटतं.

*

जळगावातल्या एका शाळेत वर्षभरानं गेलो. हेडसरांनी चहा सांगितला आणि कौतुकानं आम्हाला काचेच्या कपाटापाशी नेलं. क्रीडास्पर्धेच्या ढालींच्या मधोमध आमची पेटी. वरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच.

मुलांनी वापरली का, मी विचारलं. सर दुखावले.

“मॅडम, मुलांच्या हातात दिली असती तर एवढी चांगली राहिली असती का?”

नितीननं चहा संपवला आणि बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. तो चिडला की असंच करतो.

*

धुळ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय ‘निर्भयपणे मत मांडणे’. सकाळपासून शिक्षक छान बोलत होते. अभ्यासक्रम कुठे चुकतो, वरून येणारे उपक्रम कसे अंगावर पडतात, सगळं निघालं. मी मनात म्हटलं, आजचा दिवस सार्थकी लागला.

जेवणाआधी एक मोठे साहेब भेट द्यायला आले. काही अडचणी असतील तर मोकळेपणानं सांगा, म्हणाले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. साहेबांना फार समाधान वाटलं. अडचणी नसलेला तालुका पहिल्यांदाच बघतोय, असं ते मला म्हणाले आणि गेले.

मागच्या रांगेतल्या एका सरांनी खिडकीतून वाकून पाहिलं. गाडी फाटकाबाहेर गेल्याची खात्री केली आणि हात वर केला.

“मॅडम, निर्भयपणाचं परत एकदा घेता का?”

*

नेतृत्वाच्या तासाला मी नववीच्या वर्गाला विचारलं, नेता कोणाला म्हणायचं? पुस्तकातली व्याख्या तीन मुलींनी एका दमात म्हणून दाखवली. मी म्हटलं, ती नको, तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

एक मुलगा उठला. “ज्याच्या वाढदिवसाचं बॅनर चौकात लागतं, तो.”

“आणि ज्याचा फोटो बॅनरवर खाली, बारीक असतो, तो?”

“तो बॅनर बांधतो.”



*

रावेरकडच्या एका शाळेत आम्ही वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. मतपेटी, गुप्त मतदान, सगळं रीतसर. केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुराची मुलगी निवडून आली. अभ्यासात बेताची, पण भांडणं सोडवण्यात पटाईत. पोरांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. ती मात्र बाकाची कड धरून, लाजून उभी होती.

महिन्याभरानं गेलो तर प्रतिनिधी दुसराच. दरवर्षीप्रमाणे पहिला नंबरवाला. मी वर्गशिक्षिकेला विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, की निवडणूक हा उपक्रम होता, तो छान झाला, फोटोही पाठवले. प्रतिनिधी मात्र जबाबदार हवा ना.

त्या मुलीकडे बघवेना. तरी मी हट्टानं म्हटलं, आपण परत निवडणूक घेऊ. तेव्हा तीच उठली.

“मॅडम, या वेळी आधी निकाल सांगा. मग मत देतो.”

*

त्याच भागात एक आजोबा शाळेत आले. गावात त्यांना नाना म्हणतात. केळीचे बागायतदार, आवाज मोठा. नातीनं घरात ‘सभा’ बोलावली होती. दोन्ही भाऊ क्लासला जळगावला जातात, मग मी का नाही, हा विषय. वर प्रत्येकानं हात वर करून मत द्यायचं म्हणे. आजीनं पहिला हात वर केला, ते नानांना फार लागलं होतं.

मी समजावायला लागले, की मुलं शिकलेलं घरी वापरतात ही चांगली गोष्ट आहे. नानांनी हात जोडले.

“ताई, लोकशाही शाळेत शिकवा. घरी पाठवू नका.”

मग ती आता क्लासला जाते का, मी भीतभीत विचारलं.

“जाते. आजीच सोडायला जाते स्टँडवर. आम्हाला चहा कोणी विचारत नाही.”

*

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात दहावीच्या मुलांनी ग्रामसभेचा खेळ केला. आमच्या पेटीतली कार्डं वाटली होती: सरपंच, ग्रामसेवक, सदस्य, नागरिक. एक मुलगी सरपंच झाली. तिच्या शेजारी खुर्ची ओढून एक मुलगा बसला. त्याच्याकडे कार्ड नव्हतं. तू कोण, मी विचारलं.

“मी सरपंचांचा नवरा.”

वर्गात कोणी हसलं नाही. त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं. मी डोळे मिटून घेतले, कारण गावच्या खऱ्या सरपंचताई समोर पाहुण्या म्हणून बसल्या होत्या आणि शेजारी त्यांचे यजमान.

खेळात एका मुलीनं विचारलं, शाळेत मुलींच्या बाथरूमला पाणी का नाही? आम्ही दुपारनंतर घरी जातो, त्याचं काय? प्रश्न खराच होता. खेळातला नवरा उठला आणि म्हणाला, विषय नोंदवून घेतला आहे, पुढच्या मीटिंगमध्ये बघू. अगदी हुबेहूब.

खेळ संपला. हेडसरांनी सरपंचताईंना दोन शब्द बोलायची विनंती केली. सवयीनं यजमान उठले, माइक हातात घेतला आणि उपक्रमाचं कौतुक सुरू केलं. तेवढ्यात ती मघाची मुलगी पुन्हा उभी राहिली.

“मला सरपंचांना विचारायचं आहे. पाणी कधी येईल?”

यजमान हसले आणि म्हणाले, “हे बघ बेटा...”

सरपंचताई पहिल्यांदाच खुर्चीतून उठल्या. पदर नीट केला, त्यांच्या हातातून माइक घेतला. तो चालू आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं, कारण त्या हळूच, घरच्या अहिराणीत बोलल्या आणि सगळ्या शाळेनं ऐकलं.

“थांबा. तिनी माले इचारं, तुमले नही.”