कडूकंद आधी बायजीने चाखायचा

गंजाड गावच्या एका पाड्यावरची रीत अशी, की दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला घरोघरचे कडूकंद ओहोळातून बाहेर आले म्हणजे प्रत्येक टोपलीतली पहिली चकती बायजीने चाखायची. ती “झाले” म्हणाली की पाडा जेवायचा. “अजून एक रात्र” म्हणाली की टोपली परत पाण्यात. भले पाहुणे पानावर बसलेले असोत.

रानातला हा कंद मोठा खोडकर. त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबायच्या. घाई केली तर घसा धरतो, डोकं गरगरतं.

ही विद्या बायजीला आईकडून मिळाली, शुक्रीकडून. शुक्री पोरीला रानात न्यायची आणि भाजीचं नाव सांगायचीच नाही. “नाव काय विचारतेस? ती कोणाच्या शेजारी राहते ते बघ,” म्हणायची. दहा वर्षांच्या बायजीने एकदा एकटीने शेवळांची रानभाजी रांधली आणि काकडाची आंबट फळं घालायला विसरली. शेवळाची खाज त्या फळांनीच मरते. बापाचा घसा असा खवखवला, की दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. शुक्री लेकीला रागावलीच नाही. उलट बायाबायांत सांगत सुटली, “लग्न झाल्यापासून एवढी शांतता पहिल्यांदा मिळाली.”

असे किस्से बायजीकडे टोपलीभर. पण यंदा ती गप्प होती. भादव्यात ताप आला तो जाताना जिभेची चव घेऊन गेला. सकाळी कडूलिंबाची काडी चावली तरी लाकूड चावल्यासारखं लागे. तिने कोणाला सांगितलं नाही. चव गेली म्हणजे मान गेला, मग म्हातारीला विचारतो कोण?

वाघबारशीची सकाळ उजाडली. अंगणात सून जयवंतीने टोपली आणून ठेवली. शेजारचा हिरू आपली टोपली खांद्यावर घेऊन उभा, त्याच्यामागे आणखी चार घरं.

“काकी, लवकर चाख. पोटात कावळे ओरडतात,” हिरू म्हणाला.

“तुझे कावळे वर्षभर ओरडतात,” बायजी म्हणाली आणि चकती तोंडात टाकली.

काहीच नाही. ओल्या पिठासारखं. तिने डोळे मिटून हळूहळू चावलं, जणू परीक्षाच घेते आहे. “झाले” म्हणणं किती सोपं होतं. तो शब्द ओठांवर आलाही. पण तिने डोळे उघडले तर समोर पाच घरांची पोरं हात धुऊन बसलेली.

तिने चकती थुंकली. “जयवंती, तू चाख.”

जयवंती दोन पावलं मागे सरली. “आई, तुम्ही असताना मी कशी चाखू? लोक काय म्हणतील?”

“मला कळत नाही गं. तापानंतर जिभेला काही लागतच नाही.”

हिरूने खांद्यावरची टोपली खाली ठेवली. जयवंतीने सासूकडे पाहिलं, मग लहानसा तुकडा तोडून तोंडात घातला आणि लगेच तोंड वाकडं केलं.

“कडू आहे, आई.”

“ते कंदाच्या नावावरून हिरूलाही कळतं. कुठे कडू लागलं? जिभेच्या शेंड्याला की घशात?”

जयवंतीने पुन्हा एक कण चाखला. “शेंड्याला नाही. गिळताना, मागे घशात.”

बायजी पुढे सरकून बसली. महिनाभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “मग राखेत कसूर नाही. पाणी कमी पडलं. बांधाजवळ ठेवलीस ना टोपली? तिथे पाणी झोपतं. वरच्या धारेला ठेव, खडक आहे तिथे. अजून एक रात्र.”

“म्हणजे माझेही कडू निघाले तर आज नुसती भाकर?” हिरू कुरकुरला.

“आणि चवळी. मरत नाहीस,” बायजी म्हणाली.

हिरूने मग आपली टोपली उचलली आणि घोटाळला. कोणापुढे ठेवावी? शेवटी सासूसुनेच्या बरोबर मधोमध ठेवली. बायजीने पायाने ती जयवंतीकडे ढकलली.

“चाखणार ती,” ती म्हणाली, “विचारणार मी. चल गं, पुढची चकती घे. आणि लगेच गिळू नकोस.”