जुन्या फायलीतली तिफण

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी कुणी न विचारताही सांगते. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं आणि लातूरला, शाळांसाठी संगणकावरचे धडे बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागले.

तिथं जुन्या ॲनिमेशनच्या फायली पडून होत्या. ज्या प्रोग्रामवर त्या चालायच्या तोच बंद पडलेला. नव्या टॅबवर नुसता पांढरा चौकोन दिसायचा. एका जुन्या कॉम्प्युटरवर मी पेरणीचा धडा उघडला. तिफण, दोन बैल, आणि मागं चाड्यावर मूठ धरून बी सोडत चाललेली बाई. अगदी आमची आई.

ही चित्रं काढणाऱ्या उदगीरच्या ताई अजून ऑफिसातच होत्या, पण आता त्यांच्याकडं छपाईचं काम होतं.

ऑफिस चालवणारे सर म्हणाले, "कशाला उकरून काढता? तयार चित्रं विकत मिळतात."

ती पाहिली. ट्रॅक्टर आणि त्यावर टोपीवाला गोरा शेतकरी. बाई कुठंच नाही. आणि धडा जायचा होता किनवटच्या मुलींच्या आश्रमशाळेत!

"मला आठवडा द्या, सर."

"शनिवारी तिथले गुरुजी येणार. तोवर नाही चाललं तर विकतचं लावू."

चित्रांचे तुकडे नव्या प्रोग्राममध्ये आणून चालवले, तर बैलांचे पाय निखळून पोटाखाली गरगर फिरायला लागले. ताई मागून बघत होत्या.

"अगं, बैल हायेत का जत्रेतला पाळणा?"

कुठला तुकडा कुठल्या बिंदूवर फिरायचा, ते ताईंनी जुन्या फायलीत ठरवलेलं होतं. नवा प्रोग्राम सगळ्यांचा वरचा डावा कोपराच धरत होता. ताई खुर्ची ओढून बसल्या. "खुबा इथं, गुडघा इथं," त्या बोट ठेवत गेल्या, मी आकडे भरत गेले.

पाय बसले, तरी मन बसेना. दोन्ही बैल एकदम पाय उचलायचे, सव्वीस जानेवारीच्या परेडसारखे. आमच्या घरची जोडी अशी कधीच चालली नाही. एक नेहमी अर्धं पाऊल मागं.

"ताई, हे आधीपासून असंच होतं?"

"न्हाई गं! बैल एकच काढलेला, पण दुसऱ्याला जरा उशिरा सोडलेलं. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई कधी."

तो उशीर इकडं येताना गळाला होता. एक ओळ लिहिली, आणि जोडी जोडीसारखी चालायला लागली. ताई कितीतरी वेळ बघत बसल्या. "लई दिवसांनी बघितलं," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी गुरुजींनी टॅब हातात घेतला, धडा पाहिला, पुन्हा लावला.

"पोरी ओळखतील. पण हिच्या मुठीत काय, ज्वारी का तूर?"

"तूर," ताई म्हणाल्या. "ज्वारी पाहिजे तर बदलून देते."

गुरुजी सरांना म्हणाले, "आम्हाला हाच द्या."

सरांनी ताईंकडं पाहिलं. "छपाई दुसऱ्या कुणाला तरी देऊ. बाकीचे जुने धडेही तुम्ही दोघी उकरून काढा."

"काढतो," ताई म्हणाल्या. "पण मग प्रत्येक धड्याखाली दोघींचं नाव पाहिजे."

सरांना वाटलं ताई गंमत करतात. ते हसले.

"मी पण तेच म्हणते, सर," मी म्हणाले.

आता प्रत्येक धड्याखाली दोन नावं असतात. ताईंचं वर, माझं खाली.