आईला चढता येईल अशी गाडी

आईला बसता येत नसे. उभं राहता येई, आडवं होता येई, घरातल्या घरात चालताही येई. पण खुर्चीला टेकली की थोड्याच वेळात कमरेपासून टाचेपर्यंत कळ उतरायची आणि तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. मणक्याचं हे दुखणं मी शाळेत असताना सुरू झालं आणि मग घरातच राहिलं. लग्नाकार्यात बायका ओळीनं बसलेल्या असत आणि आई दाराला टेकून उभी असे. नवीन माणसाला वाटायचं, ही बाई घाईत आहे.

तिची एकच मोठी इच्छा होती. बोधगयेला जायची. आमच्या भिलाईतल्या खुर्सीपारच्या विहारातल्या बायका दरवर्षी बस करून जात. आई त्यांना वाटेसाठी तिखट पुऱ्या करून द्यायची आणि परत आल्या की प्रत्येकीला वेगवेगळं विचारायची, झाड कसं आहे, किती मोठं आहे, खाली सावली असते का. बसमध्ये बसणं तिला शक्यच नव्हतं. रेल्वेत आडवं होता येतं हे खरं. पण एकदा नागपूरपर्यंत जाऊन तिनं हाय खाल्ली होती. स्टेशनचा पूल, धक्काबुक्की आणि हलत्या डब्यातला संडास. परत आल्यावर ती बरेच दिवस अंथरुणातच होती.

बाबा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. शेडच्या छताखालून धावणारी मोठी क्रेन, तिच्या केबिनमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर आम्ही सेक्टर सहामधलं प्लांटचं क्वार्टर सोडलं आणि कोहक्यात स्वतःच्या घरात राहायला आलो. मी तेव्हा दुर्गच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. रिकामपणी बाबा मोबाईलवर व्हिडिओ पाहात बसायचे. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर एक नवराबायको गाडीतच चहा करत होते. मागे पलंग होता, बाजूला लहानसा संडास.

"पाह्य," बाबा म्हणाले, "हिच्यात तुही आई झोपून जाईल. जिथं त्रास झाला तिथं थांबू. कोणाच्या बापाची घाई नाई."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

रायपूरच्या बाहेर एक माणूस अशा गाड्या बांधतो असं कळलं. परवानगी, कागदपत्रं, सगळं तोच बघायचा. आम्ही शेजाऱ्यांच्या मोटारीच्या मागच्या सीटवर आईला झोपवून तिकडे गेलो. त्याच्या आवारात दोन गाड्या रिकाम्या उभ्या होत्या. एक लांब, उंच, मागे जोडचाकं असलेली. दुसरी लहान व्हॅन, जमिनीलगत, बुटकी.

मोठी आधी पाहिली. दार उघडलं तर पायरी आईच्या गुडघ्याच्याही वर. तिनं पाय उचलला, तो अर्ध्यावर थांबला. त्या माणसानं स्टूल आणलं, बाबांनी मागून आधार दिला, आणि ती कशीबशी आत गेली. उतरताना मात्र तिच्या तोंडून असा आवाज निघाला की आवारातली ठोकाठोक थांबली. बाबांनी तिला धरून ठेवलं होतं आणि ते तिच्याकडे न बघता पायरीकडे बघत होते.

मग लहान गाडी. आई कोणाचा हात न धरता आत गेली. आत पलंग नव्हता, काहीच नव्हतं, नुसता पत्रा. ती त्या पत्र्यावर सरळ आडवी झाली आणि हसायला लागली.

"अजी, चढली ना मी! तुमी पाह्यलं का?"

बाबांचा निर्णय तिथंच झाला. माझाही. आईला इतकं मोकळं हसताना आम्ही कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

गाडी बांधणारा माणूस जरा बाजूला येऊन बाबांना म्हणाला, "साहब, ये गाड़ी अच्छी है, पर उठाती कम है. पलंग, पानी, बैटरी, टॉयलेट, तीन सवारी, सब जोड़ लो पहले. बड़ी वाली ले लो, उसमें नीचे एक फोल्डिंग सीढ़ी लगा दूँगा."

त्यानं समजावूनही सांगितलं. गाडीच्या कागदावर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं तेवढंच आपलं. त्यातच माणसं, त्यातच पाणी, त्यातच पलंगाचा खिळासुद्धा. लहान गाडीत ते सहाशे किलोच्या आसपास उरत होतं.

"सहाशे म्हंजे लय झालं," बाबा म्हणाले. "तीन माणसं आणि एक पलंग. आमाले काय लोखंडाच्या प्लेटा न्यायच्या हायेत?"

फोल्डिंग पायरीचं ते वाक्य मी ऐकलं होतं, बाबांनीही ऐकलं होतं. पण आई तेव्हा अजून गाडीत पडून छताकडे बघत होती, आणि तिला उठवून पुन्हा त्या उंच गाडीकडे न्यायचं कोणाच्या मनात येणार?

बांधकाम पावसाळाभर चाललं. बाबा दर आठवड्याला रायपूरला जायचे. काही मागितलं ते आईसाठीच. पलंगाखाली लोखंडी सांगाडा, कारण प्लायवूडच्या भरवशावर ते तिला झोपवणार नव्हते. पाण्याची टाकी मोठी, कारण वाटेतल्या ढाब्यावरच्या संडासात तिला जावं लागू नये. छतावर एसी, त्यासाठी जादा बॅटऱ्या. फोमच्या गादीवर तिची पाठ धरायची म्हणून घरची कापसाची गादी पिंजून नव्यानं भरून घेतली. कपाटं, गॅस, औषधांचा खण. आईनं खिडकीला पडदे शिवले, निळ्या कापडाचे. शेजारच्या बायका रविवारी येऊन विचारायच्या, "गाडी कधी येऊन राहिली?" आई म्हणायची, "थंडीत निंगतो आमी."

यातलं काहीच चैनीचं नव्हतं. मी आजही एकेक गोष्ट आठवून पाहते आणि हे नको होतं असं बोट ठेवायला मला जागा सापडत नाही.

गाडी तयार झाली तेव्हा त्या माणसानंच अट घातली, टाकी भरून, सामान ठेवून, माणसं बसवून आधी धर्मकाट्यावर जाऊ, मग घरी न्या. इंडस्ट्रियल एरियात ट्रकांचं वजन करायचा काटा होता. दोन ट्रकांच्या मध्ये आमची निळ्या पडद्यांची गाडी. आई आत झोपलेली, मी तिच्या पायाशी, बाबा स्टिअरिंगवर. बाहेरच्या पाटीवर लाल आकडे फिरले आणि कागदावरच्या आकड्याच्या पुढे जाऊन थांबले.

बाबा खाली उतरले. ते बराच वेळ त्या पाटीकडे पाहात राहिले. मग मला म्हणाले, "तू उतर." मी उतरले. आकडा कमी झाला, पण पुरेसा नाही. तो माणूस मागे गेला, चाकांजवळ वाकला आणि बाबांना बोलावलं. टाकी आणि बॅटऱ्या मागे होत्या, त्यामुळे मागची बाजू आणखी बसली होती. चाकाच्या वर हात घालायला जागा राहिली नव्हती.

"साहब, इतना लंबा मत जाना इसमें," तो हळूच म्हणाला. "टायर फटेगा, या ब्रेक नहीं पकड़ेगा. माताजी पीछे सोई रहेंगी."

बाबांनी मान हलवली. आयुष्यभर त्यांच्या क्रेनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की किती टन उचलायचं, आणि त्यांनी कधी त्याच्या वर एक किलो घेतलं नव्हतं. वरिष्ठ ओरडले तरी नाही. त्यांचं तेवढं नाव होतं. पण तिथं भार एकदम समोर यायचा, हुकाला लागलेला, डोळ्यांना दिसणारा. इथं तो पडदे, सांगाडा, गादी, पाण्याची टाकी असा हळूहळू आत येऊन बसला होता.

आतून आईनं विचारलं, "काय झालं व? कावून थांबलो?"

मी सांगितलं, वजन जास्त होतंय.

तिनं अंगाखालची गादी चाचपली. मग म्हणाली, "माह्या गादीनं झालं का?"

"गादीचं काय वजन असते?" बाबा जोरात म्हणाले. इतक्या जोरात की काट्यावरचा माणूस खिडकीतून पाहू लागला.

गाडी परत आवारात गेली. काय काढायचं यावर आम्ही तिघं आणि तो माणूस बोलत बसलो. मी न जायचं ठरवून पाहिलं. पण बाबा गाडी चालवणार, मग आईला उठवायला, धरायला मागे कोण? मी हवीच होते. टाकी लहान केली. एसी उतरवला, त्याबरोबर बॅटऱ्याही गेल्या. लोखंडी सांगाडा कापून हलका बसवायचं ठरलं आणि त्यासाठी सगळी आतली बांधणी उचकटावी लागली. मोठी गाडी घेणं आता हातचं गेलं होतं, ती विकली गेली होती.

या उचकटण्यात थंडी सरली. गाडी पुन्हा काट्यावर गेली तेव्हा वजन बसलं, अगदी काठावर. पण भिलाईत ऊन तापायला लागलं होतं, आणि एसी नसलेल्या पत्र्याच्या डब्यात आईला बिहारपर्यंत न्यायचं म्हणजे तिला भाजूनच न्यायचं. पुढच्या थंडीत जाऊ, असं ठरलं. आईच म्हणाली, "झाड कुठं पळून चाललं?"

पावसाळ्यात तिचा डावा पाय बधिर झाला. चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हात धुता धुता सांगितलं की आता लांबचा रस्ता नको, हादरे नकोत, जवळपास कुठं गेलात तर ठीक.

बाबांनी ते ऐकलं आणि दवाखान्याच्या बाहेर येऊन मला विचारलं, "सिरपूर जवळच म्हणायचं ना?"

सिरपूरला आम्ही गेलो. महासमुंदच्या बाजूला, महानदीच्या काठी, तिथं जुन्या विटांचे विहार आहेत. बाबा गाडी इतकी सावकाश चालवत होते की सायकलवाले मागून पुढे जात. आई खिडकीखाली झोपली होती. तिला रस्ता दिसत नव्हता, नुसते झाडांचे शेंडे आणि विजेच्या तारा. तरी तिनं पडदा पूर्ण सरकवून ठेवला. वाटेत एका तळ्याशी थांबून बाबांनी गाडीतच चहा केला. व्हिडिओत दाखवला होता तसाच. आई पडल्या पडल्या बशीतून प्यायली आणि म्हणाली, "असा चहा मी जन्मात नाई पेला."

विहारात चाकाच्या खुर्चीवर तिला जेमतेम थोडा वेळ बसवता आलं. आत अर्ध्या उजेडात दगडाची बुद्धमूर्ती होती. आईनं हात जोडले, पुटपुटत त्रिशरण म्हटलं. विटांच्या भिंतीला हात लावून पाहिला.

"इथं भिक्षू राहत होते?"

"हो, आई."

"मंग हे बी त्याचंच घर झालं ना," ती म्हणाली. ती बाबांची समजूत घालत होती, हे आम्हा तिघांनाही कळलं.

परतताना आरंगच्या पुढे रस्ता खराब होता. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि आई ओरडली. बाबा कडेला थांबले, मागे आले आणि तिच्या पलंगाशी खाली बसले. तिच्या पायावर हात ठेवून ते म्हणाले, "पायरी लावतो म्हणत होता तो. मोठ्या गाडीले. मीच आयकलं नाई."

कळ ओसरेपर्यंत आईनं बाबांचा हात धरून ठेवला. मग म्हणाली, "मीच तर हासली ना त्या गाडीत. तुमी काय करान?"

त्यानंतर गाडी कुठं गेली नाही. दारात उभी असायची. बाबा ती रोज सकाळी थोडा वेळ चालू करून ठेवत, बॅटरी उतरू नये म्हणून. आई आता खाटेवरच असायची, उठवायला दोघं लागायची. वर्षभरानं आईनंच विकायचं काढलं. "दारात पाहू पाहू जीव जाते माहा," ती म्हणाली.

राजनांदगावचं एक तरुण जोडपं आलं. त्यांना लहान मुलगी होती. नवऱ्याला गाडी लगेच आवडली. बायको आत जाऊन पलंगावर बसली, खिडकी उघडून पाहिली आणि खुलून म्हणाली, "कितनी प्यारी है!" बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं.

"बेटा, बाहर आओ जरा," ते म्हणाले. आणि मग ओसरीत बसवून त्यांनी त्या दोघांना सगळं विचारलं. पाणी किती नेणार? सायकल बांधणार का मागे? सासूसासरे येणार का कधी? मुलगी मोठी होईल, तिचं सामान वाढेल. गाडीची जागा डोळ्यांनी बघू नका, वजनानं बघा. गाडी विकायला निघालेला माणूस ती न घेण्याची कारणं का सांगतोय, हे त्या नवऱ्याला कळेना. तो माझ्याकडे बघून हसला. मी हसू शकले नाही.

शेवटी तो नवरा म्हणाला, आम्ही दोघं आणि ही एवढीशी, चार दिवस जंगलात जाणार, बस. बाबांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि मान हलवली. "तो फिर ठीक है. इतने में ये खुशी से चलेगी."

गाडी गल्लीच्या वळणावर गेली तेव्हा आतून आईनं विचारलं, "गेली का?"

"गेली," बाबा म्हणाले.

"पडदे काढून घेतले का?"

ते कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. बाबा फोन करायला उठले, तसं आईनं त्यांना थांबवलं. म्हणाली, राहू द्या, पोरीले ऊन लागन.