टीला, टेकडी, दिब्बा

हे गेल्यानंतरच्या वर्षी मी नोकरी धरली. भूगोलात एम. ए. केलं होतं, पण ते लग्नाआधी. घरी पुस्तकं होती, वाचतही होते. पान उलटलं की मागचं आठवत नसे. हैदराबादेत तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे वर्ग निघत होते. अंबरपेठेतल्या माझ्या दिरांनी सांगितलं की काचीगुड्याला एका लहान कंपनीत नकाशे कॉम्प्युटरवर चढवायला माणसं हवी आहेत. चिक्कडपल्लीहून बस सरळ होती. गेले.

काम समुद्रकिनाऱ्याचं होतं, आणि समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासाइतका दूर. किनाऱ्याचा जुना नकाशा आमच्या साहेबांनी आधीच कॉम्प्युटरात भरून ठेवला होता. आम्ही नवीन भरायचा, उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून. टेबलावर मोठी पाटी असे. तिच्यावर चित्र चिकटवायचं आणि भिंगातल्या फुलीखाली रेघ धरून, बटण दाबत दाबत, पाण्याची कड गिरवत जायचं. मग वाळूच्या टेकड्या. टेकडीभोवती रेघ फिरवून जिथून निघालो तिथेच परत यायचं. रेघ जुळली नाही तर यंत्र टेकडी मानतच नसे. मला हे काम आवडलं. त्यात कुणी कसं वाटतंय म्हणून विचारत नव्हतं.

आम्ही तिघं होतो. साहेब जुन्या शहरातले, वयाने माझ्याएवढेच, बोलण्यात दखनी. दुसरी एक तेलुगू मुलगी, नुकती पदवीधर झालेली. ती मला अक्का म्हणे. तेलुगूत अक्का म्हणजे थोरली बहीण आणि मराठीतही तेच, त्यामुळे त्या एका शब्दापुरती आम्हाला तिसऱ्या भाषेची गरज पडली नाही. किनाऱ्याचे तीन तुकडे करून आम्ही वाटून घेतले होते. मधला तुकडा तिने मागून घेतला, कारण तिचं गाव त्यात होतं. गावात तिची आई एकटी राहत होती. घर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची मोठी टेकडी, तिच्या आडोशाला विहीर. समुद्र इतका जवळ असून विहिरीचं पाणी गोड, कारण पावसाचं पाणी ती वाळू धरून ठेवते.

त्या वर्षांत किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांची लाट आली होती. परदेशात माल जातो, जमीन मिळेल तिथे तळं खणा, असं चाललं होतं. आमचा नकाशा ज्या सरकारी कचेरीत जाणार होता, तिथे तळ्यांना कुठे परवानगी द्यायची ते ठरणार होतं. जिथे टेकडी शिल्लक आहे तिथे तळं नाही. जिथे ती समुद्राने नेली आहे तिथे हरकत नाही. टेकडीमागे खारं तळं झालं की विहीर गेली, आणि विहीर गेली की आईला गाव सोडावं लागणार, हे त्या मुलीला ठाऊक होतं.

काम संपल्यावर साहेबांनी जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवून मोठा कागद छापला. गेलेल्या टेकड्या तांबड्या, राहिलेल्या पिवळ्या. मधला सगळा तुकडा तांबडा होता.

मुलगी त्या तांबड्यात आपलं गाव शोधू लागली. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले की मधे वादळं झाली, दर्याने नेली असेल.

"मग संक्रांतीला मी चढले ती काय?" ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. कॉम्प्युटर खोटं कशाला सांगेल, असं त्यांचं म्हणणं. कागद सोमवारी द्यायचा होता.

माझ्या तुकड्यात बहुतेक खाडी आणि चिखल. टेकड्या दोनच, अगदी किरकोळ. पण त्यांची रेघ जुळवताना माझी एक दुपार गेली होती, म्हणून लक्षात होत्या. मी त्या शोधल्या. दोन्ही तांबड्या. साहेबांच्या तुकड्यात मात्र पिवळंच पिवळं.

"समुद्र माणसं बघून खातो का?" मी विचारलं.

मग उलगडलं. प्रत्येक आकृतीला नाव द्यावं लागे, आणि यंत्रासाठी साहेब पुढे त्या नावांचे आकडे करणार म्हणून तोवर सोयीचं काहीही टाका असं ठरलं होतं. साहेबांनी टाकलं होतं टीला. मी टेकडी. तिने दिब्बा, तिच्या आईच्या तोंडचा शब्द. नावांचे आकडे करताना साहेबांनी यादी केली ती आपल्या तुकड्यावरून. यंत्राला टीला कळला. बाकीचं त्याने टाकून दिलं, म्हणजे त्याच्या लेखी त्या टेकड्या गेल्याच.

साहेब आधी खजील झाले, मग हसू लागले. "मतलब, दर्या कू उर्दूच नहीं आती," ते म्हणाले.

यादी दुरुस्त केली. माझ्या दोन्ही टेकड्या पिवळ्या झाल्या. मधला तुकडाही पिवळा झाला, पण सगळा नाही. तिच्या गावासमोर समुद्र खरोखरच आत आला होता आणि टेकडीचा पुढचा भाग घेऊन गेला होता. तिथली कड पुन्हा तपासायला ती पाटीपाशी बसली, फुली कडेवर ठेवली आणि मला हळूच म्हणाली, "अक्का, जरा पुढे काढली तर कुणाला कळणार?"

साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांनी ऐकलं असावं.

"गेलं ते गेलं," मी म्हणाले. "आहे तेवढं नीट काढ. आहे तेवढं पुरेल."

पुरेल की नाही हे मला माहीत नव्हतं. कित्येक महिने मी स्वतःलाही असं काही सांगू शकले नव्हते, तोंडातून कसं निघालं कोण जाणे. तिने फुली मागे घेतली आणि खरी कड गिरवली.

पावसाळ्यानंतर कचेरीचा निकाल आला. गावासमोरची टेकडी राखायची, मागे तळं नाही. माझ्या चिखलात मात्र तळी झाली. आमचा नकाशा टेकड्यांचा; चिखलातही राखण्यासारखं काही आहे असं तो सांगत नव्हता. ते मला अजून टोचतं.

हिवाळ्यात मुलीने मला गावी नेलं. टेकडी मी कागदावर पाहिली होती त्याहून बुटकी होती आणि तिच्यावर जांभळ्या फुलांचा वेल पसरला होता. तिच्या आईने आम्हाला विहिरीचं पाणी दिलं. मग तिने काही विचारलं, ते मुलीने मला सांगितलं: पुढच्या वर्षी समुद्र कुठवर येईल?

मी म्हटलं, ते आत्ता सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी येऊन मोजू.

आईने ते ऐकून मान डोलावली आणि म्हणाली, मग लवकर या, नंतर वारा फार सुटतो, डोळ्यांत वाळू जाते.